चामडे आले, बिल कुणाच्या नावावर?

मागच्या पावसाळ्यात कड्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक पार्सल फोडले. आत तपकिरी चामड्याची गुंडाळी होती. मोबाइलवरच्या जाहिरातीत लिहिले होते, ‘शंभर टक्के व्हेज टॅन, हस्तकलेसाठी खास’. भाव फुटाला ७५ रुपये. बारा फूट मागवले, त्याचे ९०० झाले आणि वर कुरिअरचे १८०. सहा जणींनी प्रत्येकी १८० रुपये काढले होते. आमच्या गटातली सर्वांत वयस्क आजी पुढे सरकली. तिने कडेला नख लावले, वास घेतला आणि गुंडाळी खाली ठेवून म्हणाली, “ह्ये सालीचं न्हाई.”

आम्ही तिचे ऐकायला तयार नव्हतो. विशेषतः मी. जाहिरात मी वाचून दाखवली होती, विकणाऱ्याशी मी बोलले होते. मग एकीने पाण्याचा थेंब टाकला. थेंब अळूच्या पानावर बसावा तसा वरच बसून राहिला. रापीने कड कापली तर आतून निळसर करडी. ओले करून फुलाचा ठसा उठवला, तो थोड्या वेळात फुगून नाहीसा झाला. म्हणजे हे क्रोमचे चामडे होते, वर तपकिरी रंग मारलेला. विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर मिळाले की कापलेला माल परत घेत नाही. कापल्याशिवाय कळणार कसे, हे मात्र त्याने सांगितले नाही.

वाचणाऱ्या मैत्रिणींपैकी अनेकींना हा विषय आपल्या चळवळीचा वाटणार नाही. चामडे कुठून घ्यावे, कोणते घ्यावे, हा बाजारहाटाचा प्रश्न, त्यात स्त्रियांच्या हक्कांचे काय, असे मलाही आधी वाटले असते. पण त्या १,०८० रुपयांच्या मागे लागले आणि एकेक गाठ सुटत गेली, म्हणून हे लिहिते आहे.

आधी त्या सालीविषयी. कच्चे कातडे कुजू नये म्हणून ते कमवावे लागते. जुनी रीत झाडाच्या रसाची. बाभळीची साल आणि हिरडा कुटून पाण्यात भिजवायचा, त्यातला तुरट रस कातड्यात मुरवायचा. कोल्हापूरकडे तर कातड्याचीच पिशवी शिवतात, ती टांगतात आणि आत सालीचे पाणी भरतात. ते झिरपत राहते, पुन्हा भरायचे. याला आठवडेच्या आठवडे लागतात. दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. तिला एखाददुसरा दिवस पुरतो, चामडे मऊ आणि रंगीत होते, आणि आज जगातले बहुतेक चामडे असेच कमावलेले असते. पिशव्या, बूट, जाकिटे यांना ते चालते. पण ठसा उठवायचा, कोरायचे, कड घोटून गुळगुळीत करायची, वेणी घालायची, तर सालीचेच चामडे हवे. ते पाणी पिते, हात फिरवू तसे वळते आणि वापरून काळसर तांबूस होत जाते.

आजीला हे पुस्तकातून कळलेले नाही. ती सांगते, “म्या साल कुटायची. लोखंडाच्या घमेल्यात भिजत घातली की हात काळे व्हायचे, आठ आठ दिस जायचे न्हाईत. लगनात कुनी हातावर घास देईना.” पुष्कळ गावांत कमावणे ढोर समाजाकडे आणि शिवणे चांभारांकडे अशी वाटणी होती. आमच्या तालुक्यात ही दोन्ही कामे करणारी घरे होती असे आजी सांगते. मोट, नाडे, चाबूक, वहाणा, सगळे याच हातांनी केले. विहिरींवर इंजिने आणि मोटारी आल्या तेव्हा मोट गेली. रबर आणि प्लॅस्टिक आले तेव्हा वहाणा गेल्या. मग ही घरे ऊसतोडीला लागली, काही पुण्याला गेली.

आणखी एक गोष्ट मला नंतर समजली आणि चुटपूट लागली. दक्षिणेत, तामिळनाडूत, सालीचे चामडे पूर्वी ज्या झुडपाच्या सालीवर कमावत ते म्हणजे आपला तरवड. आष्टी-कड्याच्या माळावर पिवळ्या फुलांचा तरवड वाटेल तेवढा आहे. बाया तो वाटेत ओलांडून पाण्याला जातात. आणि त्याच माळावर बसून आम्ही सालीचे चामडे मोबाइलवर मागवतो आणि फसतो.

आता नावाविषयी, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

पार्सल ज्या नावावर आले ते नाव गटाचे नव्हते, आमच्यापैकी कुणाही बाईचे नव्हते. ते गटातल्या एकीच्या नवऱ्याचे होते. तो या कामात टाकादेखील घालत नाही. पण पैसे ज्या मोबाइलवरून गेले तो त्याचा. ओटीपी आला तोही त्याच्याच मोबाइलवर, आणि तो तेव्हा नगरला गेलेला. चार वेळा फोन करून ती बाई त्याच्याकडून आकडे विचारत होती आणि प्रत्येक वेळी त्याची मुदत संपत होती. शेवटी त्याने रागावून विचारले, “एवढं काय अडलंय तुमचं?” पैसे तिचे, काम तिचे, आणि बिलावर नाव त्याचे. तक्रार करायची वेळ आली तेव्हा विकणारा म्हणाला, ज्यांनी खरेदी केली त्यांना बोलायला सांगा.

पत्त्याचेही तेच. कुरिअरच्या मुलाने फोनवर मोठ्याने विचारले, “म्हणजे चांभारवाड्यातच ना?” जातीवरून पडलेली वस्त्यांची नावे बदलायची असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. कागदावर नवे नाव लागले तरी तोंडातले जायला वेळ लागतो. आमच्या एका तरुण मुलीने पुढच्या वेळी पत्ता माझ्या घरचा द्यावा असे सुचवले. मी लगेच हो म्हणाले. मग रात्री विचार केला की मी मराठ्याच्या घरातली, माझ्या पत्त्यावर चामडे आले तर ती ‘हस्तकला’ आणि तिच्या पत्त्यावर आले तर ‘धंदा’. माझे हो म्हणणे बरोबर होते का, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. तूर्त पत्ता गटाच्या खोलीचा देतो.

आणि माझ्या घरची गोष्ट लपवून ठेवत नाही. ती पहिली गुंडाळी दोन रात्री माझ्या घरी होती. सासूबाईंनी ती ओसरीवरून उचलायला लावली. सालीच्या चामड्याला ओल्या मातीसारखा, गोडसर वास येतो असे म्हणतात. हे तर क्रोमचेच होते, त्याला रंगाशिवाय काही वास नव्हता. त्यांना वास चामड्याचा आला नव्हताच.

सरकारी योजनांतही नावाचा हाच घोळ आहे. पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. अठरा पारंपरिक व्यवसायांत चर्मकारांचा समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, पहिल्या टप्प्यात एक लाख आणि दुसऱ्या टप्प्यात दोन लाखांपर्यंत कर्ज, तेही पाच टक्के व्याजाने. वाचून आम्ही आनंदलो. मग अट वाचली की एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. आमच्या गटातल्या दोघींच्या घरी आधीच नवऱ्याच्या नावाने नोंद झालेली. त्यातला एक पाच वर्षांपासून चालकाची नोकरी करतो. तिसरी नोंदणीला गेली तर केंद्रावरच्या मुलाने सहज विचारले, “मिस्टर नाहीत का आले?” कारागीर म्हटले की पुरुष डोळ्यांसमोर येतो. आरी-रापी त्याच्या हातात, आणि बाई म्हणजे मदतनीस.

खरे काम मात्र कसे वाटलेले आहे? कोल्हापुरी चपलेचेच घ्या. तळ कापणे, टाच बसवणे हे बहुधा पुरुष करतात. पण वेणी, कलाकुसर, चामड्याच्याच वादीने शिवण, ज्यामुळे ती चप्पल कोल्हापुरी म्हणून ओळखू येते, ते घरोघरी बाया करतात. घरात बसून, स्वयंपाक उरकून, पोर मांडीवर घेऊन. त्याची मोजणी तासांत होत नाही, जोडावर होते. सीमेपलीकडे अथणीत बायकांच्या बचत गटांतून टो-होल्ड नावाची कारागिरांची संस्था उभी राहिली आणि कामाचा मोबदला बाईच्या हाती देण्याचा आग्रह तिने धरला. हे करता येते एवढे तरी त्यातून दिसते.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे मिळून. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशीच चप्पल पुरुषांच्या पायांत दाखवली आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. इकडे आरडाओरडा झाल्यावर त्यांनी मूळ मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये आपले संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचे बाबू जगजीवनराम महामंडळ यांच्याशी करार झाला. दोन हजार जोड, किंमत सुमारे ८०० युरो ठरली. म्हणजे ८०,००० रुपयांहून जास्त. त्या वेळी वर्तमानपत्रांनी ‘आपल्या चपलेचा अपमान’ असे मथळे दिले. अपमान चपलेचा झाला, महाराष्ट्राचा झाला, संस्कृतीचा झाला. वेणी घालणाऱ्या बाईला एका जोडामागे काय मिळते हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कुणाला पडला नाही.

आता एका गंभीर आक्षेपाकडे वळते. आमच्या जिल्ह्यातल्या एका आंबेडकरी कार्यकर्त्या मैत्रिणीने मला सरळ विचारले, “ज्या कामातून आमच्या माणसांनी रक्त आटवून सुटका करून घेतली, त्यातच तू आमच्या बायकांना परत घालणार?” हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढण्याचे आणि त्यांचे मांस खाण्याचे सोडायला सांगितले, त्यामागे साऱ्या माणूसपणाचा प्रश्न होता. अगदी अलीकडे, २०१६ मध्ये, गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर मारहाण झाली आणि त्यानंतर तिथल्या कितीतरी दलितांनी हे कामच नाकारले. आपल्याकडे २०१५ पासून गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, आणि कातडे वाहून नेणारा माणूस रस्त्यावर किती सुरक्षित असतो ते सगळे जाणतात. ज्यांनी हे काम टाकले त्यांनी ते आत्मसन्मानासाठी टाकले. त्यात हळहळण्यासारखे काही नाही, आणि ‘लुप्त होणारी कला’ म्हणून गळा काढणाऱ्यांत मी नाही.

पण मैत्रिणीला मी एक गोष्ट सांगितली. हे काम गटात मी आणलेले नाही. ऊसतोडीला न जाण्यासाठी तीन जणींनी ते मागितले. सहा महिने कोयता, पालाची खोपट, उचल फिटेपर्यंत मुकादमाचा शब्द, आणि त्या काळात बाईच्या शरीराचे काय होते ते बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये साऱ्या देशाला कळले. तिच्यापुढे निवड आहे ती या दोन्हींत. आणि जे काम जातीने लादले होते, ज्याचा मोबदला बलुत्याच्या चार पायल्यांत मिळत होता, ते आणि जे ती स्वतः ठरवून, भाव सांगून, नको तेव्हा नाही म्हणून करते, ते एकच नव्हे. मैत्रीण म्हणाली, भाव ती सांगते की व्यापारी सांगतो ते मला वर्षाने कळव. हे तिचे म्हणणे रास्त आहे.

दुसऱ्या टोकाला वेगळीच गंमत आहे. पुण्या-मुंबईत आता शनिवार-रविवारी ‘लेदरक्राफ्ट’च्या कार्यशाळा होतात. पाकीट शिवायला शिकण्यासाठी शिकलेल्या मुली हौसेने पैसे भरतात. यात वाईट काही नाही. शंभर वर्षांपूर्वी श्रीनिकेतनात रथींद्रनाथ आणि प्रतिमादेवी टागोर यांनी चर्मकला आणली, तिथल्या ठसे उठवलेल्या रंगीत बटव्यांना पुढे शांतिनिकेतनचे नाव आणि भौगोलिक मानांकनही मिळाले. भद्र घरातल्या स्त्रियांनी हातात घेतले की ती कला ठरते. तसे असेल तर आजीच्या हाताचे तेच काम कला ठरायला अडचण कोणती? कार्यशाळा घेणाऱ्यांनी एखाद्या वेळी आजीला शिकवायला बोलवावे, आणि प्रवासखर्चावर बोळवण न करता शिक्षिकेचे मानधन द्यावे. मी दोन ठिकाणी हे सुचवले. एकीकडून ‘कळवतो’ असे उत्तर आले आहे.

परत खरेदीकडे येते, कारण पुष्कळ गटांना त्याचाच उपयोग होईल.

दुसऱ्या वेळी आम्ही घाई केली नाही. आधी तळहाताएवढे नमुने मागवले, त्यांचे पैसे दिले. नमुना आला की कड कापून पाहायची, ती आरपार तपकिरी हवी. पाणी टाकायचे, ते मुरून डाग गडद व्हायला हवा. एक बारीक पट्टी उकळत्या पाण्यात टाकायची. सालीचे चामडे आखडून गोळा होते, क्रोमचे फारसे बदलत नाही. ‘खरे लेदर’ म्हणून भुकटी चिकटवून केलेला मालही येतो. तो वाकवला की भेगा पडतात आणि मागच्या बाजूला धागे नसतात, कापडासारखी जाळी दिसते. जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात, आपल्याकडे मोजायला काही नसते. त्याला आमच्यातल्या एकीने युक्ती काढली. एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटरचे असते. दोन कार्डे एकावर एक, म्हणजे दीड मिलिमीटर, पाकिटाला पुरे. पट्ट्याला चार-पाच कार्डांएवढी जाडी हवी. (कार्ड नवऱ्याकडे असेल तर तेवढ्यापुरते मागून घ्यावे. त्या निमित्ताने ते कुठे असते तेही कळते.) फूट म्हणजे चौरस फूट, आणि कातडे वेडेवाकडे असते, पाय-पोटाचे ढिले भागही मोजात धरतात. गोचिडीचे व्रण, डागणीच्या खुणा, चाकूची छिद्रे निघतात. पाचातला एक फूट वाया जाणार असे धरूनच हिशेब करावा.

तामिळनाडूतल्या एका व्यापाऱ्याकडून १६० रुपये फूट दराने वीस फूट घेतले. त्याहून कमी तो देत नव्हता. ३,२०० आणि कुरिअरचे ३५०, म्हणजे फुटाला १७८ रुपये पडले. एका पाकिटाला वाया जाणारे धरून एक फूट, दोरा-मेण-बटणाचे १२, असे १९० रुपये. वेळ तीन तास. नगरच्या दुकानदाराने पाकिटाचे २५० सांगितले. तीन तासांचे साठ रुपये. आम्ही स्वतः एका प्रदर्शनात ४५० ला विकले तेव्हा २६० हाती राहिले, म्हणजे तासाला ८६-८७. यात प्रदर्शनात उभे राहिलेला दिवस धरलेला नाही. तो धरायचा की नाही यावर गटात भांडण झाले आणि धरायचा असे ठरले, म्हणून पुढचे पाकीट ५२० ला आहे.

स्वस्त चामड्याच्या हट्टाबद्दलही बोलले पाहिजे. ७५ रुपये फुटाचे चामडे कुणाच्या तरी जिवावर स्वस्त झालेले असते. तामिळनाडूत पालार नदीकाठच्या टॅनऱ्यांच्या सांडपाण्याने शेते आणि विहिरी नासल्या, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९६ मध्ये निकाल लागला. तिथे घडे घेऊन लांबून पाणी आणणाऱ्या बायाच होत्या. सालीच्या टॅनरीचे पाणीही स्वच्छ नसते, तिथेही चुना आणि कातड्याची घाण असतेच. म्हणून ‘निसर्गस्नेही’ असे लेबल आमच्या पाकिटांवर लावायचे नाही, असे मी सुचवले. सर्वांना पटले असे नाही, कारण त्या शब्दाला शहरात भाव आहे. तूर्त ‘सालीने कमावलेले’ एवढेच लिहितो.

आमच्या मागण्या आम्ही लिहून काढल्या आहेत. विश्वकर्मा योजनेत कुटुंबाऐवजी प्रत्यक्ष काम करणारी व्यक्ती धरावी आणि एकाच घरातल्या नवरा-बायको दोघांचीही नोंद व्हावी. महामंडळाने मराठवाड्यात तपासलेल्या सालीच्या चामड्याचे भांडार उघडावे, पाच फुटांपासून विक्री व्हावी, आणि बिल खरेदी करणाऱ्या बाईच्या नावाने निघावे. ज्या गटांना या निवेदनावर सह्या करायच्या असतील त्यांनी कड्याच्या गटाकडे कळवावे.

पुढची मागणी दिवाळीनंतर नोंदवणार आहोत. वीस फुटांची अट आहे, आमची गरज बाराची. आष्टी, पाटोदा, जामखेड भागातला एखादा गट आठ फूट घ्यायला तयार असेल तर दोघींचेही काम होईल. पैसे या वेळी गटाच्या खात्यातून जातील. ओटीपी आजीच्या मोबाइलवर येणार आहे. तिला आकडे वाचता येतात, अक्षरे नाहीत. तेवढ्यावर भागते, आम्ही करून पाहिले आहे.